नाजुकाचं उघडं तोंड

आमच्या वसंतकाकांना काहीही वाढा, ते खातात. कारलं खातात, कालची भाकरी दह्यात कुस्करून खातात, माझ्या जावेनं यूट्यूबवर बघून केलेला केकसुद्धा त्यांनी निमूट संपवला होता. फक्त कोबी खात नाहीत. ताटात कोबी दिसला की ताट हातभर लांब सरकवायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि उठायचं. गेली बेचाळीस वर्षं आम्ही घरचे ह्याला खूळ म्हणत आलो. काका तरुण होते तेव्हा तरुणपणाचं खूळ म्हणालो, आता म्हातारपणाचं म्हणतो. त्या खुळाचं मूळ बीड जिल्ह्यात आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं. तिकडं जाऊन आल्यापासून मी भेटेल त्याला ही हकिगत सांगतेय. शिवणक्लासच्या मुली आता मला पाहिलं की मशीन जोरात चालवायला लागतात, म्हणून म्हटलं, एकदाची लिहूनच टाकावी.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय पंचाहत्तर, मुक्काम मिरज. तरुणपणी ते सर्कशीत होते. एवढं म्हटलं की लोक डोळे मोठे करून विचारतात, झोपाळ्यावर का? छे हो. काका पाणघोडीला खायला घालायचे. पाणघोडीचं नाव नाजुका. ते कुणी ठेवलं विचारू नका, ठेवणाराही आता हयात नसेल. तिचा खेळ एकच होता. डुलत डुलत रिंगणात यायचं, काकांनी बादलीच्या कडेवर दोनदा टकटक केलं की तोंड उघडायचं, काकांनी कोबीचा अख्खा गड्डा आत टाकायचा आणि तिनं तोंड मिटायचं. बस्स. लोक एवढ्यावरही टाळ्यांचा पाऊस पाडायचे म्हणे.

तर झालं असं, की माझ्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कुठल्याशा गावातलं एक थोराड जनावर, सिमेंटचं, हे एवढं तोंड वासून बसलेलं, आणि तोंडात वेफर्सची पाकिटं कोंबलेली. खाली भाच्यानं लिहिलं होतं, ‘बघा कचराकुंडी, हिची भूकच भागत नाही’. आम्ही सगळे हसरे चेहरे टाकून मोकळे झालो. काकांचा फोन साधा, म्हणून मी माझा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लुंगीला पुसून दोनदा बघितलं.

"ही कचराकुंडी न्हाई," काका म्हणाले. "ही आमची नाजुका हाय."

सर्कसचा शेवटचा तळ माजलगावच्या बाजूच्या ज्या गावात पडला होता, फोटोही तिथलाच निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका पिशवी भरून माझ्या दारात उभे. नवऱ्यानं मला हसतमुखानं निरोप दिला. चार दिवस टीव्हीचा रिमोट एकट्याच्या हातात, तो कशाला रडेल?

मांजरसुंब्याचा ढाबा

मिरज ते धाराशिव हा रस्ता मी गाळते. माझ्या गाडी चालवण्याबद्दल काका जे जे बोलले तेही गाळते. चौसाळ्याला चहा घेतला. आमच्याकडे चहात साखर घालतात, तिथं साखरेत चहा घालत असावेत. पण हॉटेलवाल्यानं कुठून आलात, कुणाकडं चाललात, जेवलात का, हे सगळं विचारून झाल्यावरच कप पुढं केला. आमच्या मिरजेत हॉटेलवाला तोंड वर करून बघेल तर शपथ.

मांजरसुंब्याला जेवायला थांबलो. ढाब्यांची रांगच आहे तिथं, ट्रकवाल्यांची गर्दी म्हणजे अन्न चांगलं, असा हिशेब करून एकात शिरलो. गरम ज्वारीच्या भाकरी आल्या, ठेचा आला, शेंगदाण्याची चटणी आली, आणि वाटीत भाजी आली ती नेमकी कोबीची. काकांनी ताट हातभर सरकवलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. मी सकाळपासून गाडी हाकून वैतागले होते. म्हटलं, काका, ज्या जनावराला जन्मभर कोबी घातलात त्याचा पुतळा बघायला निघालाय आणि तुम्हाला कोबी चालत नाही, हे काय नाटक आहे ते आज मला कळलंच पाहिजे.

मग तिथंच, भाकरी गार होत असताना, काकांनी सांगितलं. त्या वर्षी त्या गावात पाण्याची बोंब होती. खेळ बंद पडले होते, सर्कस नुसती तंबू ठोकून बसली होती. पण नाजुकाला पाण्यावाचून कसं ठेवणार? गावातले लोक आपल्या घागरीतलं पाणी आणून तिच्या अंगावर ओतत. तेवढ्यात इकडं काकांना मुलगी झाली. बारशाला म्हणून त्यांनी चार दिवसांची रजा काढली. निघायच्या आदल्या दिवशी नाजुकानं पिंजऱ्याचा गज चावला आणि डाव्या अंगाची खालची, मागची दाढ तिरकी तुटली. मॅनेजरला कळलं तर रजा जाईल, म्हणून काका कुणाला काही बोलले नाहीत. काकीलासुद्धा नाही. बारशाच्या घुगऱ्या वाटून होतायत तोच मॅनेजरचा निरोप आला. तुझ्या जनावरानं खाणं टाकलं, तू गेल्यापासून तोंडच उघडलं नाही, आज पहाटे गेलं.

काका परत सर्कशीत गेले नाहीत. मिरजेत येऊन एका वखारीत कामाला लागले.

"माझ्यामुळं उपाशी मेली ती, शैले," काका म्हणाले. "आणि त्यांनी पुतळ्याचं तोंड उघडं करून ठेवलंय. मरताना मिटलेलं हुतं. कुणी केलं आणि का केलं, तेवढं इचारायचंय मला."

माझ्या तोंडातला कोबीचा घास मला धड गिळता येईना. टाकता तर त्याहून येईना. कसाबसा ठेच्याबरोबर खाली ढकलला आणि डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यावर ढकललं.

गावात

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तशी मन्मथआप्पांची अट आहे. ‘ताई, आमच्याबद्दल काय बी लिव्हा, फकस्त गावाचं नाव नका लिव्हू, आदीच आमचं लई हासू झालंय,’ असं ते म्हणाले. हे आप्पा कोण, ते आता येईलच.

बसस्टँडच्या बाजूला, जिथं सर्कसचा तंबू होता त्याच जागेवर, पुतळा आहे. मी शिवणकाम करणारी बाई. माप चुकलेलं मला लांबून दिसतं. धड पाणघोडीचं, तोंड पाणघोडीचं, पण बसलीय मात्र शंकराच्या देवळातल्या नंदीसारखी, पुढचा एक पाय दुमडून. गळ्यात घुंगरांची माळ. पाठीवर चक्क झूल कोरलेली. कपाळाला हळदकुंकू. नंतर कळलं की कारागीर जन्मभर नंदी घडवत आलेला. वशिंडसुद्धा काढलं होतं त्यानं, ते आप्पांनी उभं राहून तासून घेतलं. माळ आणि झूल मात्र राहून गेली. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही पुरणपोळी दाखवतात, आणि मग वर्षभर तिच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या टाकतात. आमच्याकडे एकतर पुजतील किंवा टाकतील. दोन्ही एकाच तोंडाशी करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

आम्ही पोचलो तेव्हा चौथऱ्यापाशी घमेल्यात सिमेंट कालवून तयार होतं. पुतळ्याच्या तोंडासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून, कपाळाला विभूती लावलेले एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. तेच मन्मथआप्पा, किराणा दुकानदार. त्यांच्या पायाशी थापी घेऊन बसलेले गवंडी रज्जाकभाई. दोघं एकाच बशीतून चहा पीत होते. मी टपरीवर चौकशी केली. टपरीवाला बालाजी म्हणाला की तोंडातल्या कचऱ्याचा वास सुटतो, कुत्री आत मुंडकी घालतात, म्हणून ग्रामपंचायतीच्या ऑफिसातून हुकूम निघालाय, तोंड सिमेंटनं बुजवून टाका. आप्पांनी स्वतः करून घेतलेला पुतळा, त्यामुळं ते सकाळपासून आडवे बसलेत. रज्जाकभाईंना त्यांना उठवायचं धाडस होत नाही आणि आप्पांना रज्जाकभाईंना उपाशी ठेववत नाही, म्हणून हा तिसरा चहा. एवढं सांगून बालाजीनं हातातली पुडी फाडली, तोंडात रिकामी केली आणि कागद सवयीनं नाजुकाच्या दिशेनं भिरकावला.

"कावून बे," आप्पा छत्रीआडून म्हणाले. "मी बसलेला दिसत न्हाई का तुला?"

हे सगळं बघत मी मागं मागं सरकत होते, ती थेट घमेल्यात. माझी नवी कोल्हापुरी चप्पल घोट्यापर्यंत ओल्या सिमेंटात. रज्जाकभाईंनी ती काढून, धुऊन, उन्हात ठेवली आणि म्हणाले, माल चांगला लागलाय, आता दहा वर्षं झिजायची नाही.

काका तोवर पुतळ्यापुढं जाऊन उभे होते. त्यांनी हात जोडले. पुतळ्याला की आप्पांना, ते मला कळलं नाही.

"मी मिरजेचा," ते म्हणाले. "नाजुकाला मी खायला घालत हुतो."

आप्पा खुर्चीवरून असे उठले की छत्री वाऱ्यानं पार रिक्षास्टँडपर्यंत गेली. खुर्ची रिकामी झाली, वाट मोकळी झाली, पण रज्जाकभाईंनी थापीला हात लावला नाही. त्यांची भेट होऊ द्या आधी, म्हणाले. आप्पांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ नुसते हलवत राहिले. मग एका दमात सगळं सांगितलं. तुमचं नाव माहीत नव्हतं, सगळे मिरजवाला म्हणायचे, पत्ता कुणाकडं नव्हता, सर्कस मोडली, कुणाला विचारणार? आणि आता तुम्ही बरे आलात, सांगा ह्यांना, तोंड बुजवू नका म्हणून.

काका म्हणाले, "बुजवू द्या."

आप्पांना वाटलं, त्यांना ऐकू कमी येत असेल. त्यांनी परत सांगितलं. काका शांतपणे म्हणाले की ऐकू चांगलं येतं, पण तिचं तोंड शेवटी मिटलेलंच होतं, ती उपाशी गेली, तेव्हा मिटलेलं असलेलंच खरं. मला त्या वेळी काकांचा राग आला. इतक्या लांब येऊन, ज्या माणसानं जपलं त्यालाच असं तोडायचं?

"कोण म्हनलं उपाशी गेली?" आप्पा म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन गेली ती."

मग त्यांनी बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. काका निघून गेल्यावर नाजुकाला खाऊ घालायला सर्कसवाल्यांनी दोन दिवस खटपट केली आणि सोडून दिली. आप्पा तेव्हा तरणे, सकाळ-संध्याकाळ तिला पाणी घालायला जाणारे. त्यांनी हरप्रकारे करून बघितलं. भिजवलेली पेंड नेली, गूळ नेला, केळी नेली. बाई ढिम्म. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना पिंजऱ्याला टांगलेला काकांचा खाकी कोट दिसला. तो घातला. काका लावायचे तसलं माक्याचं तेल डोक्याला चोपडलं. आणि त्यांना आठवलं की हा मिरजवाला खायला घालताना जनावराशी घरच्या तक्रारी बोलत बसायचा. तेव्हा आप्पांनीही, चेहरा दिसू नये म्हणून तिच्याकडं पाठ करून, बादली वाजवून, आपल्या वडिलांच्या तक्रारी सुरू केल्या. दुकानात बसू देत नाही, बसलं की उठू देत नाही, लग्नाचं नाव काढत नाही. तक्रारी संपत नव्हत्याच, तेवढ्यात मागून फुस्स आवाज झाला. वळून बघतात तर तोंड उघडलेलं.

"पाटीभर कोबी खाल्ला," आप्पा म्हणाले. "पहाटं गेली. मॅनेजर तर त्या रातीला तळावर नव्हताच, माजलगावला गेलता. म्या कुनाला सांगावं?"

काकांनी मान हलवली. तशीच, जशी ते मी वजन कमी केलंय असं सांगितल्यावर हलवतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, भला माणूस आहे गं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

आणि मग ते रज्जाकभाईंना म्हणाले, बुजवायच्या आधी तोंड साफ करावं लागेल ना? ते मी करतो. ते काम माझंच होतं.

आप्पा खुर्चीवर जाऊन बसले. आता तोंडाकडं नाही, रस्त्याकडं तोंड करून. काकांनी बाह्या वर सारल्या, चौथऱ्यावर चढले आणि खांद्यापर्यंत हात घालून एकेक जिन्नस बाहेर काढायला लागले. पाकिटं, कागदी कप, पुड्या, एका लग्नाची पत्रिका, निवडणुकीची पत्रकं, डाव्या पायाचा एक बूट. बसस्टँडवरची माणसं जमली. कुणी कुणी आपापला माल ओळखला असणार, कारण हसत कुणीच नव्हतं. मी खाली पोतं धरून उभी होते. एकीकडे तोंड साफ करताना काका पुटपुटत होते. नीट ऐकलं तर माझ्या गाडी चालवण्याच्या तक्रारी. नाजुकाला सांगत होते.

अर्ध्यात तक्रारी थांबल्या. हात तसाच आत. मला वाटलं, विंचू बिंचू चावला. मी पोतं टाकून वर चढले. काका बोटांनी आत कुठंतरी चाचपत होते, परत परत, एकाच जागी.

"आप्पा," त्यांनी हात बाहेर न काढताच हाक मारली. पुन्हा म्हणाले, "आप्पा, डाव्या अंगाची ही खालची दाढ अशी तिरकी का केलीया?"

आप्पांनी मान वळवलीसुद्धा नाही. अजून राग होता.

"तशीच होती म्हणून केली," ते म्हणाले. "कारागिरानं चूक समजून नीट करून दिलती. म्या पुन्यांदा फोडायला लावली."

मला समजायला एक क्षण लागला. ती दाढ तुटल्याचं काकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. काका गेल्यानंतर ज्याच्यासमोर तिनं तोंड उघडलं असेल, त्यालाच ती दिसली असणार. दुसऱ्या कुणाला शक्यच नाही.

काका चौथऱ्यावर बसले आणि रडले. काकी गेली तेव्हा मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. हात अजून कोपरापर्यंत कचऱ्यानं माखलेला, तोच तोंडाला लावायला निघाले, तो मी धरून ठेवला. आप्पा गडबडले. मी काय वाकडं बोललो का, म्हणून मला विचारायला लागले. मी त्यांना दाढेची गोष्ट सांगितली, तसे तेही तिथंच, नाजुकाच्या दुसऱ्या बाजूला, बसकण मारून बसले. बालाजीनं न सांगता चार चहा आणून ठेवले.

पुढचं रज्जाकभाईंनी निस्तरलं. कालवलेला माल वाया घालवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि ऑफिसातला हुकूम तर पाळायचा होता. त्यांनी हुकुमाचा कागद मागवून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की कचऱ्याचा कायमस्वरूपी बंदोबस्त करावा. मग त्यांनी आप्पांच्या दुकानामागचा तेलाचा रिकामा पिंप आणवला आणि बरोबर बालाजीच्या टपरीसमोर जमिनीत पक्का बसवून टाकला. बंदोबस्त झाला. पिंपाभोवतीच्या ओल्या सिमेंटातही मी पाय दिलाच, माझ्या चपलेचा ठसा तिथं आहे, कुणी गेलात तर बघा.

रात्री आप्पांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची, आमटी होती. आम्ही आमटी म्हणतो त्यात डाळ शोधावी लागते, ह्या आमटीत भाकरी बुडवली की ती जड होऊन वर येते. आप्पांच्या बायकोनं सांगितलं की काकांचा तो कोट त्यांनी बरीच वर्षं जपला, मग बोअरच्या मोटारीवर पांघरला, मग उंदरांनी नेला. काका म्हणाले, बरं झालं, कुणाच्या तरी अंगाला लागला.

परतताना

सकाळी निघताना नाजुकाला बघायला गेलो. तोंडात कुणीतरी कोबीचा गड्डा ठेवला होता. बालाजी टपरीत खाली मान घालून, विचारायच्या आतच, मी न्हाई ठेवला, म्हणाला. चौथऱ्यावर पुढचे दोन पाय टेकून एक शेळी गड्ड्याची पानं ओढून खात होती. आप्पा तिला हाकलायला काठी घेऊन निघाले, काकांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. पिंपात एक कागद नव्हता. कागद सगळे पिंपाच्या आजूबाजूला होते. पण तोंडात नव्हते, हे खरं.

गाडीत माझ्या ओव्हरटेकवर काकांचा एक शब्द नाही. मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मांजरसुंब्याला त्याच ढाब्यावर थांबलो. पोऱ्यानं भाज्यांची नावं घडाघडा म्हटली, शेवभाजी, आखा मसूर, पत्ताकोबी. मी घाईघाईनं मसूर सांगत होते, तोवर काका म्हणाले, कोबी आण. वाटी आली. काकांनी ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, कोबीला लावला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत होते. बेचाळीस वर्षांनी घेतलेला घास, मी माझी भाकरी विसरून बघत होते.

मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली.

"मीठ कमी हाय बघ," काका म्हणाले. "आणि अजून एक वाटी आण."